डॉ. विक्रम साराभाई आणि प्रेक्षकांची मोजदाद

डॉ. विक्रम साराभाई हे नाव उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अग्निबाण उभा राहतो. शालेय पुस्तकांनी आपल्या मनात रुजविलेले हे चित्र खोटे नाही, पण ते फार अपुरे आहे. संख्याशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला या थोर पुरुषाचा दुसराच पैलू अधिक जवळचा वाटत आला आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसलेला माणूस कोण आहे, त्याला त्यातून काय मिळते, हे मोजून पाहण्याची शिस्तशीर धडपड आपल्या देशात झाली तिच्या मुळाशी साराभाई होते. हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

या विषयाकडे मी कसा वळलो ते थोडक्यात सांगितले पाहिजे. मी मूळचा सौंसरचा. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव, आणि शेजारचा पांढुर्णा, दोन्ही मध्य प्रदेशात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. कचेरीत हिंदी, घरात मराठी, आणि संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की मराठी मालिका, असा आमच्याकडचा क्रम. मात्र मराठी वाहिन्यांच्या लोकप्रियतेचे जे साप्ताहिक आकडे प्रसिद्ध होत आले आहेत, ते महाराष्ट्र व गोवा या बाजारपेठेचे. सौंसर मोडते मध्य प्रदेश-छत्तीसगढच्या गटात. म्हणजे आमच्या आईने वर्षानुवर्षे न चुकता पाहिलेली मालिका त्या मराठी आकड्यात कुठेच उमटत नाही. यात कोणाचा दुष्टपणा आहे असे मला म्हणावयाचे नाही. जाहिरातदाराला ज्या प्रदेशात माल विकावयाचा असतो त्या प्रदेशाप्रमाणे तो प्रेक्षकांचे गट पाडतो. पण मोजणारा कशासाठी मोजतो यावर कोण मोजला जाईल हे ठरते, ही गोष्ट मला येथे प्रथम कळली, आणि तिचा माग काढता काढता मी साराभाईंच्या चरित्रापर्यंत पोहोचलो.

त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या एका धनाढ्य गिरणीमालकाच्या घरी झाला. वडील अंबालाल, आई सरलादेवी. जन्माच्या आदल्याच वर्षी अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा गांधीजींच्या नेतृत्वाखालील प्रसिद्ध लढा झाला होता. त्यात मालकांच्या बाजूला अंबालाल होते, तर कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन! एकाच कुटुंबात दोन्ही पक्ष नांदत होते. पुढे विक्रमभाईंनी प्रत्येक योजनेत खालच्या माणसाचे म्हणणे ऐकण्याचा जो आग्रह धरला, त्याचे बाळकडू त्यांना या घरात मिळाले असावे, असा माझा तर्क आहे. मुलांसाठी घरातच शाळा काढलेली होती. पुढे केंब्रिजला निसर्गविज्ञानाची पदवी झाली. इतक्यात महायुद्ध पेटले आणि ते मायदेशी परतले.

बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास आरंभिला. त्याच काळात डॉ. होमी भाभाही तेथे होते. १९४२ मध्ये नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विश्वकिरणांच्या संशोधनात मोजणी हेच मुख्य काम असते. यंत्र टिकटिक करीत कण मोजते. संशोधकाला पाहावयाचे असते ते हे की दिवसाच्या कोणत्या वेळी आकडा वाढला, कोणत्या वेळी घटला आणि का. काळानुसार होणारा हा फेरफार साराभाईंचा आवडता विषय. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि १९४७ साली डॉक्टरेट घेऊन आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. वय अवघे अठ्ठावीस!

याच सुमारास त्यांनी गिरणी उद्योगासाठी ‘अटिरा’ ही संशोधन संस्था उभारण्याचे काम अंगावर घेतले. माझ्या मते हा त्यांच्या चरित्रातील फार महत्त्वाचा टप्पा असून चरित्रकार त्यावरून घाईने पुढे जातात. सूत आणि माग यांच्या संशोधनसंस्थेत त्यांनी मानसशास्त्राचाही विभाग ठेवला. कमला चौधरी यांच्यासारख्या विदुषीने तेथे गिरणीतील माणसांचा अभ्यास केला. नवे यंत्र बसविले म्हणजे उत्पादन आपोआप वाढत नाही, यंत्रामागच्या माणसाला त्याविषयी काय वाटते हेही जाणून घ्यावे लागते, ही दृष्टी त्या काळात नवीनच होती.

पुढची पायरी १९६० सालची. बडोद्यास त्यांनी ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप नावाची संस्था स्थापन केली. आपल्या देशात बाजारपेठेचे पद्धतशीर संशोधन करणाऱ्या आद्य संस्थांत तिची गणना होते. कारखान्यातून माल किती बाहेर पडला हे मालकाला ठाऊकच असते. पण दुकानाच्या फळीवरून तो गिऱ्हाइकाच्या हातात किती गेला? निवडक दुकानांची नियमित तपासणी करून सबंध बाजाराचा अंदाज बांधावयाचा, हे या संस्थेचे एक मोठे काम. ‘शितावरून भाताची परीक्षा’ असे आपण म्हणतो, त्याचेच हे शास्त्र. पण गृहिणीला हेही ठाऊक असते की पातेल्याच्या कडेचा भात कच्चा राहिला असेल तर मधले शीत ते सांगत नाही! नमुना कोठून घेतला, हा प्रश्न नमुना किती मोठा घेतला याइतकाच महत्त्वाचा. गंमत अशी की साराभाईंच्या पश्चात, १९९० नंतरच्या दशकात, याच संस्थेच्या वारसांनी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांची यंत्राने मोजणी सुरू केली.

१९६१ मध्ये अहमदाबादची व्यवस्थापन संस्था, १९६२ मध्ये अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून पहिला अग्निबाण, १९६६ मध्ये भाभांच्या अपघाती निधनानंतर अणुशक्ती आयोगाचे अध्यक्षपद, १९६९ मध्ये इस्रो. ही यादी सर्वांस पाठ आहे, तिच्यात मी अधिक भर घालीत नाही.

त्या वेळी दूरचित्रवाणी फक्त दिल्लीत होती. मुंबईत ती आली १९७२ च्या २ ऑक्टोबरला. जगभर हे माध्यम आधी राजधानीत, मग मोठ्या शहरांत आणि उरलेसुरले खेड्यांत, या क्रमाने पसरले. साराभाईंनी हा क्रम उलटा करण्याचे मनात घेतले. उपग्रह वापरावयाचा तर तो दूरच्या खेड्यासाठीच. शहरांना वर्तमानपत्रे आहेत, चित्रपटगृहे आहेत, खेड्याला काय आहे? २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांत सामुदायिक संच ठेवून ‘कृषिदर्शन’ सुरू झाले, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. कार्यक्रम पाहून शेतकऱ्याच्या शेतीत फरक पडतो का, ही तपासणीही त्याबरोबर जोडलेली होती. सप्टेंबर १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासाशी करार झाला. एक वर्षासाठी त्यांचा उपग्रह, आणि जमिनीवरचे सारे काम आपले. ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा तो प्रयोग पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. ३० डिसेंबर १९७१ च्या रात्री केरळात कोवळम येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. वय होते बावन्न.

प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ला सुरू झाला आणि ३१ जुलै १९७६ ला संपला. सहा राज्ये, २० जिल्हे, सुमारे २,४०० खेडी. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना मुद्दाम सांगतो, की त्यात विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. मध्य प्रदेशातले जिल्हे निवडले ते रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर. आमचा छिंदवाडा नव्हता. तारेच्या जाळीची तीन मीटर रुंदीची छत्री शाळेच्या आवारात उभारावयाची आणि सारे गाव एका संचापुढे बसवावयाचे. कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस हे साराभाईंचे जुने सहकारी; प्रयोगाची मोठी जबाबदारी त्यांच्यावर होती.

आता मोजणीकडे येऊ. प्रेक्षक संशोधन हे जगाला नवे नव्हते. इंग्लंडात बीबीसीने १९३६ मध्येच श्रोत्यांचा अभ्यास करणारा विभाग काढला होता. किती जणांनी ऐकले हा एक आकडा, आणि ऐकणाऱ्यांना कितपत आवडले हा शंभरापैकी गुणांत दिलेला दुसरा, असे दोन हिशेब तेथे वेगवेगळे ठेवीत. थोड्याच लोकांनी ऐकलेला कार्यक्रम त्या थोड्यांना मनापासून आवडलेला असू शकतो, आणि घरोघर लागणारा कार्यक्रम केवळ बटण फिरविण्याच्या कंटाळ्याने चालू राहिलेला असू शकतो! अमेरिकेत नील्सन कंपनीचे यंत्र संच कोठे लावला होता तेवढे सांगे. समोरचा माणूस जागा आहे की झोपला आहे ते त्याला कळत नसे.

साइटमधील संशोधकांनी तिसराही हिशेब मांडला. कार्यक्रम ठरविण्यापूर्वी गावांची पाहणी करून लोकांच्या गरजा आणि समजुती नोंदविल्या. प्रसारण चालू असताना काही निवडक गावांतून रोज समोर कोण बसले, त्यांना काय समजले, याच्या नोंदी मागविल्या. आणि जेथे संच होता ती खेडी व जेथे नव्हता ती खेडी यांची, प्रसारणाच्या आधी, मध्ये आणि नंतर अशी तुलना केली. याखेरीज मानवशास्त्रज्ञ काही गावांत दीर्घकाळ राहावयास गेले. प्रश्नावलीत जे येत नाही ते त्यांना दिसावयाचे: कोण पुढे बसतो, कोण दाराबाहेर उभा राहतो, बायका केव्हा उठून जातात.

निष्कर्ष काय निघाले? नवलाई ओसरल्यावर गर्दी घटली. नुसते आकडे पाहणाऱ्याने प्रयोग फसला असेच म्हटले असते. पण जे उरले त्यांची चौकशी केली तेव्हा आरोग्य, स्वच्छता व कुटुंबनियोजन या बाबतींत निरक्षरांना आणि स्त्रियांना लक्षणीय लाभ झालेला आढळला. शेतीच्या ज्ञानात मात्र फारशी वाढ दिसली नाही, आणि हेही अहवालांत लपविले गेले नाही. ज्यांनी कार्यक्रम चालविला त्यांनीच त्याचे अपयश मोजून छापावे, हे आजच्या काळात नवलाचेच म्हणावे लागेल.

वर्ष संपताच उपग्रह परत गेला आणि संच मुके झाले. पुढे १९७७ मध्ये गुलबर्गा, रायपूर अशा ठिकाणी जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रे आली. त्यानंतर जाहिरात आली, खाजगी वाहिन्या आल्या आणि मोजणीचा धनी बदलला. बरीच वर्षे मोजणीची यंत्रे मुख्यतः लाखावर वस्तीच्या शहरांतल्या घरांत असत. पांढुर्णा आणि सौंसर दोन्ही लाखाच्या बरेच खाली, तेव्हा आमचा प्रश्नच मिटला! २०१५ पासून ‘बार्क’ या संस्थेने नवी पद्धत आणली. कार्यक्रमाच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळतात आणि घरातले यंत्र ती ओळखते. त्याच वर्षी ग्रामीण घरांचाही समावेश झाला. देशातील सुमारे २१ कोटी दूरचित्रवाणीधारक घरांसाठी यंत्रे पुढे ४४ हजार झाली, म्हणजे तेव्हा एक घर जवळजवळ पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलत होते. घरांची नावे गुप्त ठेवावी लागतात ती याचसाठी. काही घरांना पैसे चारून आकडे फुगविल्याचा आरोप २०२० साली मुंबईत झाला, तेव्हा वृत्तवाहिन्यांचे आकडे २०२२ च्या मार्चपर्यंत बंद राहिले.

विद्यार्थ्यांनी एक छोटे गणित करून पाहावे. एखाद्या प्रदेशात ४०० घरे निवडली आणि त्यांपैकी २० टक्के घरांत एक मालिका लागलेली आढळली, तर खरा आकडा १६ ते २४ च्या दरम्यान कोठेही असू शकतो. दुसऱ्या मालिकेला १८ मिळाले म्हणून ती हरली असे शास्त्र म्हणत नाही. तरीही अशा दोन टक्क्यांवर मालिका बंद पडतात आणि लेखक-नटांची पोटे त्यावर अवलंबून असतात.

पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, हे आपण ऐकले असेल. इकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, मध्ये रोवलेले पळसाचे झाड आणि दोन्ही काठांवरून दगडांचा मारा. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत जखमींचा आकडा येतो. दरवर्षी येतो. लोक तेथे का जमतात हे त्या आकड्यावरून आजवर कोणाला समजलेले नाही. ते समजावयाचे तर साइटमधल्या त्या मानवशास्त्रज्ञांसारखे कोणी तरी जामच्या काठी राहावयास यावे लागेल.

साराभाईंच्या मृत्यूनंतर त्यांना पद्मविभूषण मिळाले, थुंब्याच्या केंद्राला आणि चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव दिले गेले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांच्याच नावाचे ‘विक्रम’ यान चंद्रावर उतरले. पुढे ऑक्टोबरात पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले. यान उतरताना इस्रोचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक ठिकाणी चालू होते, असा आकडा जाहीर झाला. हा आकडा जोडण्यांचा. आपल्या महाविद्यालयाच्या सभागृहात त्या संध्याकाळी एकच पडदा होता, म्हणजे आपली जोडणी एक. त्यापुढे खुर्च्या भरून, भिंतीला टेकून आणि दारात दाटीवाटीने किती जण उभे होते, त्यांत मराठी किती आणि कन्नड किती, ते कोणी मोजले नाही.