मातीतून गादीवर : खाशाबा जाधवांची कठीण वाट

स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा मल्ल म्हणून खाशाबा दादासाहेब जाधव यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले, हेही शाळकरी मुलांना पाठ असते. मात्र ज्या कुस्तीत त्यांनी हे पदक मिळवले, ती त्यांच्या गावची कुस्ती नव्हती. लाल मातीत घडलेल्या या मल्लाला ऐन उमेदीत जवळजवळ नवा खेळ शिकावा लागला आणि त्या शिक्षणाचा खर्चही लोकांपुढे हात पसरून उभा करावा लागला. त्या पदकाचे मोल कळण्यासाठी ही बाजू ध्यानात घ्यावी लागते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान. पाच भावांत धाकट्या असलेल्या खाशाबांना कुस्तीचे बाळकडू घरातच मिळाले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच पंचक्रोशीतील जत्रांचे फड त्यांनी गाजवायला सुरुवात केली. १९४२ च्या आंदोलनात सातारा जिल्हा पेटून उठला, तेव्हा भूमिगतांना आसरा देण्याच्या कामात या शाळकरी पोरानेही वाटा उचलला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिलेले, खासबाग मैदान उभारलेले हे शहर म्हणजे मल्लविद्येची पंढरीच. बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक त्यांना लाभले. अंगकाठी लहानखुरी, पण चपळाई विलक्षण. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत घेऊन त्याला क्षणात उलथवणारी ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव होता.

मातीची कुस्ती आणि गादीची कुस्ती यांत अंतर किती, हे शहरी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. तालमीच्या हौद्यातील माती तेल, ताक आणि हळद घालून मुरवलेली असते. तिच्यात पाय रुततो, हालचालीचा वेग मंदावतो आणि अनवाणी पायाला धर मिळतो. कुस्ती निकाली करायची, म्हणजे समोरच्याची पाठ मातीला लावायची, एवढाच तेथील कायदा. त्यासाठी वेळेचे बंधन फारसे नसे. खडाखडी लांबली तर प्रेक्षकही कौतुकाने पाहत बसत. गादीवर सारेच वेगळे. पायांत बूट, घड्याळाचा काटा, तीन पंच, वजनाचे काटेकोर गट आणि चितपट न होताही गुणांवर लागणारा निकाल. मातीत सावकाश दमवून मारण्याची सवय झालेला मल्ल गादीवर पहिल्या काही मिनिटांतच मागे पडू शकतो. त्या काळी महाराष्ट्रातील तालमींत गादी जवळपास दिसतच नसे.

ही तफावत खाशाबांना प्रथम जाणवली ती १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा भार उचलला होता. अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना अल्पकाळ लाभले. आंतरराष्ट्रीय नियमांची आणि गादीची पुरेशी सवय नसतानाही फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र ते पराभूत झाले. सहाव्या क्रमांकावर त्यांना समाधान मानावे लागले. त्या काळच्या भारतीय मल्लाच्या दृष्टीने ही कामगिरी लहान नव्हती. परंतु खाशाबांनी तिच्यातून वेगळाच धडा घेतला. आपली ताकद कमी पडलेली नाही, नियमांची सवय कमी पडली, हे त्यांनी ओळखले.

पुढची चार वर्षे त्यांनी या एकाच ध्यासात घालवली. ५२ किलोचा गट सोडून ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात आले. मेहनत वाढवली, नवे डाव घोटले आणि जुने डाव गादीच्या वेगाला साजेसे करून घेतले. ढाक तीच राहिली. ती टाकण्याची घाई मात्र गादीने शिकवली.

हेलसिंकीचा रस्ता तरीही सरळ नव्हता. निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाल्याची त्यांची भावना होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढत झाली आणि तीत प्रतिस्पर्ध्याला चीत करून खाशाबांनी संघातील जागा मिळवली. त्यानंतर प्रश्न आला पैशाचा. सरकारदरबारी केलेल्या खेपांतून वेळेवर मदत हाती लागली नाही. गोळेश्वर आणि परिसरातील लोकांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर पणाला लावणाऱ्या या प्राचार्यांचा उल्लेख केल्याशिवाय खाशाबांचे चरित्र पुरे होऊ शकत नाही.

हेलसिंकीच्या गादीवर कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना खाशाबांनी नमवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याविरुद्धची लढत प्रदीर्घ आणि दमछाक करणारी ठरली. ती त्यांनी गमावली. त्यानंतर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढायला उभे करण्यात आले, असे सांगितले जाते. दोन लढतींदरम्यान मल्लाला विश्रांती मिळावी असा नियम असतानाही तो दाखवून देणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती लढत हरले. इशी सुवर्णपदकाचे मानकरी ठरले, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले.

त्याच स्पर्धेत भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक पटकावल्याने देशाचे बरेचसे लक्ष तिकडे राहिले. कऱ्हाड मात्र आपल्या पैलवानाला विसरले नाही. १५१ बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांना गोळेश्वरला नेल्याची आठवण त्या भागात अजूनही सांगितली जाते. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते कर्जफेडीचे. कुस्त्यांची मैदाने भरवून, त्यांत स्वतः लढून त्यांनी पैसा जमवला आणि खर्डेकरांचे घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. मेलबर्न ऑलिम्पिकची उमेद होती. परंतु गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ ची ती संधी हिरावून घेतली. दलात त्यांनी सहायक पोलीस आयुक्तपदापर्यंत मजल मारली. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये मशालवाहकांत त्यांना स्थान मिळाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. मोठे सन्मान आले ते नंतरच. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्राचा अर्जुन पुरस्कार, दोन्ही मरणोत्तर. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला.

त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. ते टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी मिळवले. कुस्तीतील दुसरे पदक २००८ मध्ये सुशील कुमार यांनी आणले. महाराष्ट्राची प्रतीक्षा तर त्याहून लांबली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक जिंकले, तेव्हा हेलसिंकीला ७२ वर्षे उलटली होती. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींच्या विजेत्यांत अंतिम लढत रंगते. आज गादीवर उतरणाऱ्या मराठी मल्लाला निदान प्रशिक्षक मिळतो, गादी मिळते आणि नियम समजावणारे कोणीतरी असते. खाशाबांना यांतले फारसे काही मिळाले नव्हते. त्यांच्या गाठीशी होते ते लंडनच्या पराभवातून घेतलेले शिक्षण, चार वर्षांची मेहनत आणि आपले घर गहाण ठेवणारे एक प्राचार्य.