मार्गदर्शक गुरू : रँग्लर वि. वा. नारळीकर

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांचे नाव आपल्याला माहीत आहे. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर हेही मोठे गणिती होते. त्यांची खरी थोरवी मात्र त्यांनी घडवलेल्या विद्यार्थ्यांत दिसते.

त्यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूरला झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि तेथे रँग्लर झाले. पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना बनारस हिंदू विद्यापीठात बोलावले. १९३२ साली, वयाची पंचविशी पूर्ण होण्याआधीच, ते तेथे गणित विभागाचे प्रमुख झाले. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतावर त्या काळी भारतात फार थोडे लोक काम करत होते. नारळीकरांमुळे बनारस हे त्या अभ्यासाचे केंद्र बनले.

१९४२ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा चोवीस वर्षांचा गुजराती तरुण त्यांच्याकडे आला. बाहेर महायुद्ध चालू होते, देशात चले जाव चळवळ पेटली होती. वैद्यांच्या सोबत पत्नी आणि काही महिन्यांची मुलगी होती. साठवलेले पैसे पुरतील तितके दिवस राहायचे आणि नारळीकरांच्या हाताखाली संशोधन करायचे, एवढेच त्यांनी ठरवले होते. ते पैसे सुमारे दहा महिने पुरले.

आपण परीक्षेत जी गणिते सोडवतो त्यांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी असतात. संशोधनाच्या प्रबंधाचे तसे नसते. त्याचे उत्तर गुरूलाही माहीत नसते. प्रश्न नेमका कोणता हे ठरवायला मदत करणे, प्रत्येक पायरी तपासणे आणि विद्यार्थी वाट चुकला तर त्याला थांबवणे, हे मार्गदर्शकाचे काम. गणित मात्र विद्यार्थ्यालाच सोडवावे लागते.

वैद्यांचा प्रश्न ताऱ्यांचा होता. कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात तोफखान्यात अधिकारी असताना आइन्स्टाइनच्या समीकरणांचे पहिले अचूक उत्तर काढले होते. त्यात ताऱ्याभोवतीची जागा पूर्ण रिकामी मानली होती. पण तारा तर सतत प्रकाश टाकतो. आपला सूर्य त्यापायी दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान गमावतो. मग अशा ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण कसे मांडायचे? ते उत्तर वैद्यांनी काढले. आज जगभर ते वैद्य मेट्रिक म्हणून ओळखले जाते.

हे संशोधन १९४३ साली 'करंट सायन्स' या बेंगळुरूच्या नियतकालिकात छापून आले. येलहंक्याहून बेल्लारी रस्त्याने शहरात जाताना सदाशिवनगर लागते. 'करंट सायन्स' आजही तेथूनच निघते. वैद्यांना १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. त्यांच्या कामाचे खरे महत्त्व जगाला १९६० नंतर, क्वेसार सापडल्यावर आणि ताऱ्यांच्या कोसळण्याचा अभ्यास वाढल्यावर कळले.

नारळीकरांच्या घरीही असेच वातावरण होते. त्यांनी मुलांसाठी भिंतीवर फळे बसवून घेतले होते. एमएस्सी करणारे मोरूमामा त्यावर जयंतसाठी एखादे अवघड गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा जयंत हार मानेपर्यंत पुसले जात नसे. पुढे जयंत नारळीकरांनी केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली.

पाव शतकाहून अधिक काळ बनारसला शिकवल्यावर नारळीकर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. नंतर पुणे विद्यापीठातही त्यांनी अध्यापन केले. १९९१ साली त्यांचे निधन झाले.

त्या शोधाला नाव शिष्याचे आहे, गुरूचे नाही. आपल्याकडेही परेडच्या दिवशी टाळ्या कॅडेटना मिळतात आणि उस्ताद मैदानाच्या कडेला उभे असतात. मित्रांनो, वैद्यांचे नाव घेताना नारळीकरांनाही आठवूया.