‘परिसंस्था’ आणि आर्थर टॅन्स्ली

‘परिसंस्था’ या शब्दाची व्याख्या शाळकरी मुले आज घोकून लिहितात आणि ठरलेले गुण मिळवतात. मात्र ज्या ‘इकोसिस्टिम’चे हे मराठी रूप, तो शब्द एका कडाक्याच्या वादातून जन्मला, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. १९३५ साली तो प्रथम छापून आणणारे आर्थर टॅन्स्ली १८७१ मध्ये लंडनमध्ये जन्मले. वडील व्यावसायिक, पण कामगारांसाठीच्या महाविद्यालयात ते आवडीने शिकवीत. शिकवण्याचा हा वारसा मुलाकडे आला. १९०२ मध्ये टॅन्स्लींनी वनस्पतिशास्त्राचे एक नियतकालिक सुरू केले. १९१३ मध्ये ब्रिटिश परिस्थितिविज्ञान संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच झाले.

त्या काळी अमेरिकेतील फ्रेडरिक क्लेमेंट्स यांच्या मताचा मोठा दबदबा होता. वनस्पतींचा समूह हा जणू एक सजीव देह. तो जन्मतो, वाढतो आणि हवामानाने ठरवून दिलेल्या प्रौढावस्थेला पोचतो, असे ते मानीत. या चित्रात मनुष्य केवळ व्यत्यय आणणारा उपरा ठरे. टॅन्स्लींना हे पटणे अवघडच होते. इंग्लंडमधील चुनखडीच्या टेकड्यांवरील गवत शतकानुशतके मेंढ्यांनी व सशांनी चरून राखलेले. चराई थांबली की तेथे झुडपे माजतात. मग हे गवत निसर्गाबाहेरचे म्हणायचे काय?

दक्षिण आफ्रिकेतील जॉन फिलिप्स यांनी क्लेमेंट्सच्या मताला स्मट्स यांच्या समग्रतावादाची जोड दिली. (हे स्मट्स म्हणजे गांधीजींच्या चरित्रातून आपल्याला परिचित असलेलेच.) फिलिप्स यांचे लेख ज्या नियतकालिकात आले, त्याचे संपादक स्वतः टॅन्स्ली होते! प्रतिपक्षाला आपल्याच पानांवर पुरेपूर जागा देऊन त्यांनी उत्तर मात्र अमेरिकेतील नियतकालिकात दिले. सजीवांना माती, पाणी, हवा यांपासून तोडता येत नाही. या सर्वांची मिळून एक व्यवस्था होते आणि मनुष्याचे व्यवहारही तिच्या अभ्यासातून वगळता येत नाहीत, हा त्या उत्तराचा गाभा. व्यवस्थेसाठी वापरलेला शब्द मुळात तरुण सहकारी क्लॅफम यांनी सुचविला होता, असे पुढे क्लॅफम यांनी सांगितले.

या कारकिर्दीत एक विलक्षण वळण आहे. टॅन्स्लींनी १९२० मध्ये नव्या मानसशास्त्रावर लिहिलेले पुस्तक खूप खपले. पुढे व्हिएन्नाला जाऊन त्यांनी फ्रॉइड यांच्याकडून स्वतःचे मनोविश्लेषण करवून घेतले आणि १९२३ मध्ये केंब्रिजची नोकरीही सोडली. पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकाने असे करणे आपल्याकडे वेडेपणाच ठरले असते. १९२७ मध्ये ऑक्सफर्डने त्यांना वनस्पतिशास्त्राच्या आसनावर बोलावले आणि ते आपल्या मूळ विषयाकडे परतले. ब्रिटिश बेटांच्या वनस्पतिसृष्टीवरील त्यांचा महाग्रंथ निवृत्तीनंतर, १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

महायुद्धाच्या काळात निसर्गरक्षणाच्या योजना आखण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९४९ मध्ये सरकारने निसर्गसंरक्षणासाठी स्थापन केलेल्या मंडळाचे पहिले अध्यक्षपद या वृद्धाकडेच आले. १९५५ मध्ये ते निवर्तले. ससेक्समधील किंग्ली व्हेल येथील यू वृक्षांचे जुने रान त्यांना फार प्रिय होते. तेथे त्यांचा स्मृतिशिला उभा आहे. इंग्लंडमधील अशा राखीव टेकड्यांवरील गवत टिकावे म्हणून आजही मुद्दाम मेंढ्या सोडाव्या लागतात.