परिचारिकांची माउली : रमाबाई रानडे

१९०१ साली न्यायमूर्ती रानडे निवर्तले. काही काळ रमाबाईंनी घराबाहेर पाऊल टाकले नाही. स्वतः सोसलेल्या या दुःखातूनच त्यांना दुसऱ्याचे मन कळू लागले. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्यांनी स्त्री-कैद्यांना धीर दिला. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, १९११ साली तेथे परिचारिकांचा वर्ग निघाला. पांढरपेशांनी नाके मुरडली. पण विधवांना मानाची भाकरी मिळाली. १९२४ साली रमाबाई गेल्या. १९८२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने मानसोपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणण्याचे ठरविले. आज आपल्या अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर खचलेल्या बाईची व्यथा आधी ऐकायची ती केंद्रातल्या परिचारिकेनेच. तिचा मान राखणे, हेच रमाबाईंचे खरे स्मरण होय.