हिशेब विचारणारा शिक्षक

जमा, खर्च, हिशेब, महसूल, वसूल हे शब्द तुम्हांला कोणी शिकवायला नकोत. ते तुमच्या घरच्या भाषेतही आहेत आणि मराठीतही आहेत. या पाठात ते पुन्हा पुन्हा भेटतील. कारण हा पाठ नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याविषयी आहे आणि गोखल्यांनी आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे सरकारच्या जमाखर्चाची वही तपासण्यात घालवली.

गोखल्यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. गोपाळ तेरा वर्षांचा असताना वडील वारले. थोरल्या भावाने, गोविंदने, शिक्षण सोडून दरमहा 15 रुपयांची नोकरी धरली. त्यांपैकी 8 रुपये तो गोपाळच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवी. उरलेल्या 7 रुपयांत घर कसे चालत असेल, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. गोपाळ स्वतःच्या हाताने स्वयंपाक करी आणि पैसा न् पैसा जपून वापरी.

1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. आता चांगली सरकारी नोकरी करावी आणि भावाचे कष्ट कमी करावेत, असे कोणालाही वाटले असते. गोखले मात्र पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे शिकवले. पगार दरमहा 75 रुपये. याच काळात त्यांनी शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले. ते पुष्कळ शाळांत चालू झाले.

पुण्यात त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे गुरू भेटले. रानड्यांची शिस्त कडक होती. सरकारने छापलेले जाडजूड अहवाल वाचायचे, त्यांतील आकडे पडताळायचे आणि मगच लेखणी हातात धरायची. गणेश व्यंकटेश जोशी या दुसऱ्या एका गृहस्थांचीही गोखल्यांना फार मदत झाली. तेही शाळेत शिक्षकच होते. सरकारी आकड्यांचा त्यांच्याइतका अभ्यास त्या काळी फार थोड्यांनी केला असेल. आज त्यांचे नाव कोणी घेत नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

1897 साली गोखले प्रथमच इंग्लंडला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी वेल्बी कमिशन नेमले होते. कर भरणाऱ्या लोकांचा सरकारच्या खर्चावर काहीच ताबा नाही, हे त्यांनी कमिशनपुढे आकड्यांनिशी मांडले. पण याच मुक्कामात एक कटू प्रसंग घडला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावर असलेल्या सैनिकांनी केलेल्या जुलमाची पत्रे त्यांना मित्रांकडून आली होती. त्यांच्या आधारे त्यांनी तेथील वर्तमानपत्रातून तक्रार केली. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. पुरावा उभा राहीना आणि मित्रांची नावे सांगून त्यांना संकटात टाकणे गोखल्यांना पटेना. त्यांनी जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांची खूप निंदा केली. यापुढे त्यांनी सरकारवर जी टीका केली, ती बहुतेक सरकारच्याच छापील आकड्यांवरून केली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. हे कायदेमंडळ आजच्या लोकसभेसारखे नव्हते. तेथे सभासदाला अंदाजपत्रकावर बोलता येई, पण मत देता येत नसे. एक पैसाही कमी करण्याचा अधिकार त्याला नव्हता.

26 मार्च 1902 रोजी कलकत्त्यास लॉर्ड कर्झन यांच्यापुढे गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. त्या वर्षी सरकारी तिजोरीत सुमारे 7 कोटी रुपये शिल्लक पडले होते. सगळे अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करीत होते. गोखल्यांनी ते केले नाही. देशात नुकतेच दोन भयंकर दुष्काळ पडून गेलेले असताना ही शिल्लक आली कोठून, असा त्यांचा सवाल होता.

उत्तर साध्या अंकगणितात होते. सरकारला दरवर्षी लंडनला मोठी रक्कम पाठवावी लागे, आणि ती पौंडांत. एका पौंडाचे 240 पेन्स. रुपयाची किंमत 13 पेन्सपर्यंत घसरली, तेव्हा एका पौंडासाठी सुमारे साडेअठरा रुपये मोजावे लागत. ही तूट भरून काढण्यासाठी कर वाढवले गेले. पुढे रुपया 16 पेन्सवर स्थिर झाला आणि एका पौंडाला 15 रुपये पुरू लागले. गरज संपली, पण कर तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक लोकांच्या भरभराटीची नव्हती. ती गरिबांकडून जास्त वसूल केलेली रक्कम होती.

त्यांचा सर्वांत मोठा आक्षेप मिठावरील कराला होता. एका मणाला अडीच रुपये! मीठ श्रीमंतालाही लागते आणि मजुरालाही. पैसेवाल्याला हा कर जाणवत नसे. गरिबाच्या घरात मात्र मीठच कमी पडे. सैन्यावरचा खर्च कमी करा, मिठावरचा कर उतरवा आणि शाळांवर खर्च करा, ही मागणी त्यांनी पुढे वर्षानुवर्षे लावून धरली.

1903 साली मिठावरचा कर 2 रुपये झाला. 1905 साली दीड रुपया आणि 1907 साली एक रुपया झाला. प्राप्तिकरही पूर्वी वर्षाला 500 रुपये मिळवणाऱ्यास द्यावा लागे; ती मर्यादा 1903 मध्ये 1000 रुपये झाली. हे सारे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे बरोबर नाही. इतरांनीही मागणी केली होती. पण मताचा अधिकार नसलेल्या माणसाने नुसत्या हिशेबाच्या जोरावर एवढे साधावे, ही लहान गोष्ट नव्हे.

1911 साली त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणे हळूहळू सक्तीचे करावे आणि गरिबांकडून फी घेऊ नये, अशी त्यात योजना होती. मजहरुल हक आणि बॅरिस्टर जीना यांनी त्याला पाठिंबा दिला. परंतु मंडळात सरकारी सभासद जास्त होते. मार्च 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी विधेयक फेटाळले गेले.

त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. नाताळमध्ये करार संपल्यावर तेथेच राहणाऱ्या हिंदी मजुरांवर माणशी 3 पौंड, म्हणजे वर्षाला 45 रुपये कर होता. गोविंदची तीन महिन्यांची कमाई! गोखले तेथील मंत्र्यांना भेटले. कर जाईल, असे त्यांना वाटले. पण तो गेला नाही. मग गांधीजींनी लढा दिला. मजूर तुरुंगात गेले. गोखल्यांनी आजारी असतानाही हिंदुस्थानातून पैसा जमवून पाठवला. 1914 मध्ये तो कर रद्द झाला.

19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात गोखले वारले. त्यांचे वय अवघे 48 वर्षांचे होते. महायुद्ध सुरू होते, सरकारचा खर्च वाढत होता. 1916 साली मिठावरचा कर पुन्हा चार आण्यांनी वाढला. त्या वेळी उभे राहून हिशेब विचारायला गोखले नव्हते.