जॉन चार्नली

सर जॉन चार्नली (२९ ऑगस्ट १९११ – ५ ऑगस्ट १९८२) हे इंग्लंडमधील अस्थिशल्यचिकित्सक होते. खुब्याच्या झिजलेल्या सांध्याच्या जागी धातू व प्लास्टिक यांचा कृत्रिम सांधा बसविण्याची, आज जगभर रूढ असलेली शस्त्रक्रिया त्यांनी सिद्ध केली. हा सांधा जंतुसंसर्गापासून वाचविण्याचे त्यांचे कार्यही तितकेच मोलाचे आहे. मात्र त्याची दखल तुलनेने कमी घेतली जाते.

जीवन

चार्नली यांचा जन्म लँकेशायर परगण्यातील बेरी येथे झाला. वडील औषधविक्रेते, तर आई परिचारिका होती. मँचेस्टर येथून १९३५ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी वैद्यकीय सेवेत होते. युद्धानंतर हाडाचे कलम कसे जुळते हे पाहण्यासाठी त्यांनी एका सहकाऱ्याकडून स्वतःच्याच नडगीवर शस्त्रक्रिया करवून घेतली. जखमेत जंतुसंसर्ग होऊन हाड सडले आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

कृत्रिम सांधा

चार्नली यांनी सांध्यातील घर्षण कमी करण्यावर भर दिला. मांडीच्या हाडात बसणाऱ्या धातूच्या गोळ्याचा व्यास त्यांनी केवळ २२.२५ मिलिमीटर ठेवला आणि दोन्ही भाग ॲक्रिलिक सिमेंटने हाडात पक्के केले. खोबणीसाठी आधी टेफ्लॉन वापरले होते. ते काही वर्षांतच झिजले व सुमारे ३०० रुग्णांवरील काम वाया गेले. टेफ्लॉनचे कण शरीरात काय करतात हे तपासण्यासाठी त्यांनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी अतिदाट पॉलिएथिलिन वापरले. ते त्यांनी प्रथम नापसंत केले होते. तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी त्याची चाचणी घेतली म्हणूनच ते पुढे आले.

जंतुसंसर्गाशी झुंज

विगनजवळील राइटिंग्टन रुग्णालयात, पूर्वीच्या क्षयरोग आरोग्यधामाच्या जागी, चार्नली यांचे खुबा शस्त्रक्रिया केंद्र होते. तेथे सुरुवातीला शंभरातील सुमारे सात रुग्णांच्या सांध्यात जंतुसंसर्ग होई. साध्या जखमेतील पू औषधाने आटोक्यात येतो. सांध्यातील संसर्गात मात्र बहुधा सांधाच काढावा लागे आणि रुग्ण पूर्वीपेक्षाही पंगू होई.

याचे कारण जीवाणूंच्या स्वभावात आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस विषारी द्रव्ये सोडतो. ताप, सूज व पू लवकर दिसतात. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा आपल्या त्वचेवरील नित्याचा, एरवी निरुपद्रवी रहिवासी. तो धातूला व प्लास्टिकला चिकटतो, स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतो आणि त्या आड सावकाश वाढतो. प्रतिजैविके व शरीराच्या संरक्षक पेशी तेथे निष्प्रभ ठरतात. दुखणे महिन्यांनी, क्वचित वर्षांनी उमटते आणि सांधा नुसताच सैल झाला असे वाटते. अशा थरांचे आज परिचित असलेले ज्ञान तेव्हा उपलब्ध नव्हते. परंतु परक्या वस्तूजवळ अगदी थोडे जंतूही पुरेसे होतात हे चार्नली यांनी ओळखले आणि जंतू जखमेत पोहोचूच नयेत यावर सारा भर दिला.

वातशुद्धीचे अभियंते हॉवर्थ यांच्या मदतीने त्यांनी शस्त्रक्रियागृहातच गाळलेल्या हवेची बंदिस्त खोली उभारली. शल्यचिकित्सकाचा श्वास व त्वचेचे कण नळीवाटे बाहेर ओढून घेणारा पोशाख बनविला. १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार संसर्गाचे प्रमाण ७ टक्क्यांवरून सुमारे अर्ध्या टक्क्यावर आले होते. प्रतिबंधक प्रतिजैविकांवर भिस्त न ठेवता मिळालेले हे यश विशेष म्हटले पाहिजे. मात्र टीकाकारांची शंकाही रास्त होती: या काळात पोशाख व टाके घालण्याची पद्धतही बदलली होती, तेव्हा श्रेय एकट्या हवेचे कसे?

याचे उत्तर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने दिले. ८,००० हून अधिक शस्त्रक्रियांत, नेहमीच्या शस्त्रक्रियागृहात १.५ टक्के आणि अतिशुद्ध हवेत ०.६ टक्के सांध्यांत खोल संसर्ग आढळला. प्रतिजैविके दिलेल्या रुग्णांतही प्रमाण बरेच कमी होते. म्हणजे चार्नली यांनी मागे ठेवलेला उपायही उपयुक्त होता.

सन्मान आणि मृत्यू

त्यांना १९७४ मध्ये लास्कर पुरस्कार, १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९७७ मध्ये सर हा किताब मिळाला. वरील चाचणीचे निष्कर्ष जुलै १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले; पुढच्याच महिन्यात त्यांचे निधन झाले.