मोडशीची पेज आणि गोव्याचा डॉक्टर

कुरुंदवाडला पंचगंगेचा पूर ओसरला की घरोघर पोटे बिघडत. मोडशी झाली, असे म्हणत आजी तांदळाची पेज करी आणि तीत जिरे-मिऱ्याची पूड टाकी. बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर हाच उपचार मी गोव्यात १५६३ साली छापलेल्या एका ग्रंथाच्या भाषांतरात वाचला, आणि थक्क झालो. रोगाचे नावही मोडशीच!

ग्रंथकर्ता गार्सिया दा ओर्ता. पोर्तुगालमधल्या कास्तेलो दे विदे गावात, सोळाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेला. घराणे मूळचे ज्यू. आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले, पुढे सक्तीने ख्रिस्ती झालेले. स्पेनमध्ये वैद्यक शिकून, लिस्बनला अध्यापन करून तो १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. मुंबई बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते.

युरोपात तेव्हा ग्रीक ग्रंथ म्हणजे ब्रह्मवाक्य. गार्सिया मात्र बाजारात, बागेत, वैद्यांकडे जाऊन विचारी. त्याचा ग्रंथ संवादरूप आहे. त्यात मालुपा नावाचा हिंदू वैद्य येतो, झाडपाला आणून देणारी आंतोनिया ही दासी येते. एवढ्या मोठ्या डॉक्टरला त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा वाटला नाही. मोडशीवर इथले लोक कांजी देतात, हे त्याने नोंदवले. पायाला डाग देतात, हेही. डाग देण्याने रोग्याचे हालच होत. पेजेने मात्र शरीरातून गेलेले पाणी काही अंशी भरून निघते. आज मीठ घातलेली तांदळाची पेज अतिसारात वैद्यकालाही मान्य आहे.

१५६७ साली त्याच्या ग्रंथाचा संक्षेप लॅटिनमध्ये निघाला आणि आपल्याकडची औषधे युरोपभर माहीत झाली. पुढच्याच वर्षी गार्सिया वारला. गोव्यात इन्क्विझिशन १५६० सालीच आले होते. १५६९ साली त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले. १५८० साली तर त्याच आरोपाखाली गार्सियाची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली.

ग्रंथ मात्र उरला. पणजीत चर्चजवळच्या बागेला पुढे त्याचे नाव दिले गेले. तिथल्या बाकावर बसलो की मला आजीची पितळी पातेली आठवते. तिला अक्षरओळख नव्हती. तिच्यासारख्यांना विचारून, ते लिहून ठेवणारा एक डॉक्टर साडेचारशे वर्षांपूर्वी होऊन गेला, हे तिला सांगायचे राहून गेले.